मदत हवी आहे: वादळाच्या पावसात वळगणीचे मासे वेळेआधी चढतात का?

नमस्कार. सावित्री नदीच्या काठी, महाडच्या खाली, जिथवर भरतीचे पाणी पोचते त्या पट्ट्यात आमचे गाव आहे. नदीत कोणते मासे कधी चढतात आणि कधी उतरतात, याच्या नोंदी मी काही वर्षांपासून तिथीसह ठेवतो आहे. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसाने ओहोळांना गढूळ पाणी आले की अंडी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढून थेट भातखाचरांत शिरतात. आम्ही त्यांना वळगणीचे मासे म्हणतो, रत्नागिरीकडे चढणीचे म्हणतात.

माझी मुख्य शंका १६-१७ मे २०२१ च्या तौक्ते वादळाविषयी आहे. वादळ किनाऱ्यापासून दूरून गुजरातकडे गेले, पण त्याच्या पावसाने आमचा ओहोळ वैशाखातच वाहू लागला आणि शिंगटी व खवली हे मासे वर सरकताना मी स्वतः पाहिले. चार दिवसांत पाणी ओसरले, मासे डबक्यांत अडकले आणि उन्हाने मेले. त्यांतील काही चिरून पाहिले तेव्हा गाभोळी (पोटातील अंड्यांची पिशवी) अजून बारीक होती. केवळ गढूळ पाणी आणि गारवा एवढ्यानेच, अंडी तयार नसतानाही, मासे चढू लागतात का?

निसर्ग वादळाची गोष्ट वेगळी होती. ३ जून २०२० रोजी, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी म्हणजे ऐन उधाणाच्या सुमारास, ते दिवेआगरच्या परिसरात ईशान्येकडे सरकत जमिनीवर आले. त्यामुळे सावित्रीच्या मुखाची बाणकोटची खाडी त्याच्या उजव्या अंगाला, समुद्राकडून वारा येणाऱ्या बाजूला राहिली. त्यानंतर दोन दिवस एरवी खाली खाडीतच राहणारी बोय ही मासळी आमच्या कोंडीत (नदीतील खोल डोहात) पागाला, म्हणजे फेकजाळ्याला, लागली. जुलै २०२१ च्या महापुरात, गुरुपौर्णिमेच्या आदल्या दोन दिवसांत, हेच उलट झाले: खाडीचे पाणी बराच काळ गोडे व गाळाने दाट राहिले आणि जिताडा हा खाडीतला मासा कित्येक आठवडे दिसला नाही. तो समुद्राकडे उतरला की कल्ल्यांत गाळ बसून मेला, हे मला ठरवता आलेले नाही.

फ्लोरिडात २००१ साली एका उपसागरातील ब्लॅकटिप शार्कची पिल्ले वादळ येण्यापूर्वीच, हवेचा दाब उतरू लागताच, खोल पाण्यात निघून गेल्याची नोंद आहे. आपल्या खाडीतील मासेही दाबावरून वादळ ओळखत असतील, तर माझ्या नोंदी पावसापासून सुरू होतात हीच मोठी उणीव ठरते.

वाशिष्ठी, जगबुडी, कुंडलिका किंवा अंबा नदीकाठी मे २०२१ मध्ये कोणी अशी अकाली वळगण पाहिली असल्यास गाव, तिथी आणि माशाचे नाव कळवावे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या सदस्यांनी हेही सांगावे की, पाण्याचे तापमान, खारटपणा व हवेचा दाब यांची नोंद दिवसातून किती वेळा आणि भरती-ओहोटीच्या कोणत्या टप्प्यावर घेतली तर ती अभ्यासकांच्या उपयोगी पडेल. वहीच्या पानांची छायाचित्रे मागणाऱ्याला पाठवीन.