बिशपांच्या ढालीवरचे गोंडे किती भरायचे?

भरतकाम_वसई
आमच्या धर्मग्रामाच्या सणाला बाहेरच्या धर्मप्रांताचे बिशप येणार आहेत. त्यांच्या बोधचिन्हाचा झेंडा भरायचं काम माझ्याकडे आलंय. हाती फक्त व्हॉट्सॲपवर आलेला पुसट फोटो आहे. वर हिरवी टोपी, दोन्ही बाजूंनी गोंडे. डावीकडचे सहा नीट दिसतात, उजवीकडे पाच की सात ते कळत नाही. पदरावरच्या मोराचं एखादं पीस कमी-जास्त झालं तर चालतं, इथेही चालेल का? ढालीत एक झाडही आहे, मी नारळ समजून भरायला घेतलंय.

सांक्रिस्त
सहाच. १, २, ३ अशा उतरत्या ओळी. दहा भरले तर ते आर्चबिशप होतील! कार्डिनलांचे पंधरा, आणि टोपी लाल. ढालीमागच्या क्रूसाला बिशपांची एकच आडवी दांडी असते.

रंगारी_काका
ताई, झाड आधी थांबवा. चर्चचे फलक रंगवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतो. टोपी आणि गोंडे म्हणजे हुद्दा, ढालीच्या आत मात्र त्या माणसाची श्रद्धा असते. बिशप ती स्वतः निवडतात, त्यामुळे अंदाजाने भरू नका.

मार्च २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं चिन्ह प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यातला तारा पाच टोकांचा होता आणि जटामांसीचा तुरा लोकांना द्राक्षांचा घड वाटला. तो तुरा संत योसेफाचा, तारा मरियेचा. द्राक्षं म्हटली की योसेफ हरवलाच. थोड्याच दिवसांत तारा आठ टोकांचा झाला आणि तुराही स्पष्ट काढला गेला. ही ढाल त्यांनी बिशप असतानाच घेतली होती. वरचा सूर्य येशूसंघाचा, म्हणजे ते ज्या धर्मसंघातले त्याचा. ब्रीदवाक्य संत बीड (आठव्या शतकातले इंग्लिश मठवासी) यांच्या प्रवचनातलं: येशूने जकातदार मत्तयकडे दयेने पाहिलं आणि त्याला निवडलं. १९५३ साली संत मत्तयच्या सणालाच तरुण बेर्गोलिओंना (हे त्यांचं पोप होण्याआधीचं नाव) धर्मगुरू होण्याचं पाचारण जाणवलं होतं. मला हे फार भिडतं, एवढंसं चित्र आणि त्यात सगळं आयुष्य.

तेव्हा बिशप हाऊसकडून लेखी वर्णन मागवा. त्यात लिहिलंय ते बदलायचं नाही. ढालीचा घाट, पानांची वळणं तुमच्या हातची.

भरतकाम_वसई
काका, फादरांकरवी वर्णन मिळालं. झाड खजुरीचं आहे, स्तोत्र ९२ मधलं: नीतिमान माणूस खजुरीसारखा बहरतो. मी चार नारळ भरून ठेवले होते. आज रात्री उसवते. उजवीकडचा सहावा गोंडा मघाशीच भरला.