एका रबरी सीलसाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा?

चौथा_गिअर

डिझेल हॅचबॅक, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, ८५ हजार किमीच्या पुढे गेलेली. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट मागच्याच वर्षी नवीन टाकली आहे. आता सकाळी पहिल्यांदा क्लच दाबला की पेडल निम्म्यापर्यंत पोकळ जातं, दोन-तीनदा दाबल्यावर नीट होतं. रिव्हर्स टाकताना किर्रर्र आवाज येतो. ब्रेक ऑइलची पातळी खाली येते, पण ठरावीक खुणेवर येऊन थांबते. चारही चाकं आतून कोरडी, पेडलखालचं मॅटही कोरडं.

गॅरेजवाले म्हणतात की स्लेव्ह सिलेंडर (पेडलच्या ऑइलदाबावर क्लच सोडवणारा) आणि रिलीज बेअरिंग (क्लचला ढकलणारं) एकत्रच येतं, ते बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचाच्या, आत असतं, म्हणून गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मजुरी पार्टच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. आधी खात्री करता येईल का? न उतरवता काही जमेल का? आणि उतरवायचाच असेल तर त्याच वेळी आणखी काय बदलून घ्यावं?

बेलहाउसिंग

लक्षणं ओळखीची आहेत. गॅरेजवाल्यांचा अंदाज बहुतेक बरोबर आहे, तरी गिअरबॉक्सला हात लावण्याआधी एवढं तपासून घ्या.

पातळी एका खुणेवर थांबते, याला कारण आहे. ब्रेक आणि क्लच एकाच डबीतून ऑइल घेतात, पण क्लचची नळी डबीच्या बाजूला थोडी वर असते. क्लच गळला तरी ब्रेकसाठी ऑइल शिल्लक राहावं म्हणून ती तशी ठेवलेली असते. म्हणजे गळती क्लचच्याच बाजूला आहे. मास्टर सिलेंडर (पेडलपाशी ऑइल दाबणारा) बाहेर गळत असता तर पेडलच्या दांड्यावरून ओघळ मॅटवर आला असता. ते कोरडं आहे म्हणताय, तेव्हा राहिली नळी आणि आतला सिलेंडर. मास्टरपासून गिअरबॉक्सपर्यंत नळीवरून बोट फिरवून बघा, जोडापाशी विशेषतः.

नंतर गाडी रॅम्पवर घेऊन बेल हाउसिंगच्या अगदी तळाशी, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर बघा. तिथे थेंब असेल तर तो नुसता पुसू नका, काचेच्या वाटीत पाणी घेऊन त्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल वर तरंगतं, आणि गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वासही येतो. तरंगलं तर दोष क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलचा किंवा इनपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) सीलचा. त्यासाठीही गिअरबॉक्स उतरतोच, पण मागवायचा पार्ट वेगळा. बऱ्याच गाड्यांत बेल हाउसिंगला रबरी बूच असतं. ते काढून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडला की ओल थेट दिसते.

ऑइल अजिबात कमी होत नसेल आणि तरी पेडल बसत असेल, तर मास्टरचं आतलं सील संशयित. जुन्या गाडीत रबरी होज चिमटून ही परीक्षा करत. आता नळी प्लास्टिकची असते, ती चिमटू नका, तडकते. मास्टरच्या तोंडाशी बूच लावून पेडल दाबा. दगडासारखं राहिलं तर मास्टर ठीक.

आता मागच्या वर्षीच्या कामाबद्दल. तेव्हा प्लेट नवीन टाकली आणि सिलेंडर जुनाच ठेवला, बरोबर ना? मग हे होणारच होतं. प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची (गोल स्प्रिंगची) बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात आणि सिलेंडरच्या पिस्टनला मागे रेटतात. हजारो किलोमीटर सील तेवढ्याच पट्ट्यात मागेपुढे घासतं, पुढच्या भागात क्लचची काळी भुकटी साठते. नवीन प्लेट बसली की बोटं पुन्हा फ्लायव्हीलकडे (इंजिनच्या बाजूच्या जड चाकाकडे) जातात, पिस्टन पुढे येतो आणि सील नेमकं त्या भुकटीवर चालायला लागतं. क्लच नवीन आणि सिलेंडर जुना ही जोडी म्हणून टिकत नाही. मजुरी वाचवायला निघालेला माणूस इथे ती दुसऱ्यांदा भरतो.

न उतरवता जमेल का, तर नाही. याचं रबर किट मिळत नाही, सील वेगळं विकतच नाहीत.

पाना_बारा_तेरा

वरचं सगळं मान्य. कामाच्या वेळी लक्ष कुठे ठेवायचं ते सांगतो.

उतरवताना काढायचा क्रम: आधी बॅटरीचा निगेटिव्ह, मग बॅटरी, तिचा ट्रे, एअर फिल्टरची नळी, गिअरच्या केबली, स्टार्टर. खालून गिअर ऑइल काढून दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट. काही मॉडेलमध्ये सबफ्रेमही (इंजिनखालची चौकट) खाली घ्यावी लागते. तशी वेळ आली तर आधी तिच्या जागेवर रंगाने खुणा करा, नंतर अलाइनमेंट करून घ्या. इंजिनला वरून आडवा बार किंवा खालून लाकडी ठोकळा ठेवून जॅक. नुसत्या माउंटिंगच्या भरवशावर सोडू नका.

बसवताना सर्वात जास्त चुका होतात. गिअरबॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवला की प्लेटचा हब (मधला दातेरी भाग) वाकतो आणि नवीन क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. दोन्ही डॉवेल (गिअरबॉक्स नेमक्या जागी धरणाऱ्या पिना) जागेवर आहेत ना ते बघा. एक डॉवेल हरवला तरी बोल्ट बसतात, गाडी चालतेही, पण गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो आणि नवीन सिलेंडर वर्षभरात गळतो. आणि बोट-दीड बोट फट राहिली असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेणारा मेकॅनिक दिसला तर तिथल्या तिथे थांबवा. हाताने हलवून फट पूर्ण मिटली पाहिजे, बोल्टचं काम त्यानंतरचं.

सिलेंडरचे बोल्ट छोटे असतात, टॉर्क साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. बॉडी प्लास्टिकची असेल तर लांब दांड्याच्या रॅचेटने ती हमखास तडकते. नवा सिलेंडर हातात घेऊन दाबून बघायचा मोह आवरा, कोरडा दाबला की सीलची कड दुमडते. सीलला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायचं नाही, ते रबर फुगतं. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचा पातळ हात, जास्तीचं पुसून. हबला निकेलचा मुलामा असेल तर तेवढंही नको.

बदलायचं काय: सिलेंडर तर आहेच. प्लेटवर ब्रेक ऑइल पडलं असेल तर प्लेटही, धुऊन उपयोग नाही, कारण अस्तर ते शोषतं. शिवाय इनपुट शाफ्टचं सील, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची सीलं, नळीच्या जोडाची ओ-रिंग आणि तारेची क्लिप. क्रँकचं मागचं सील कोरडं असेल तर राहू द्या, उगाच उचकटू नका. गिअर ऑइल साधारण दोन लिटर, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे.

असेंब्ली_लाइन

बेल हाउसिंगमधल्या या सिलेंडरला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. पूर्वीचे फोर्क (बेअरिंग ढकलणारा दांडा), त्याचा पिव्हॉट, बाहेरचा सिलेंडर आणि वेगळं बेअरिंग असे चार भाग जाऊन एक आला. फोर्क बेअरिंगला एका बाजूने ढकलतो, हा गोल सिलेंडर सगळीकडून सारखा ढकलतो, म्हणून पेडल हलकं लागतं. पिव्हॉट कोरडा पडून कुरकुरण्याची भानगड संपली. इंजिनच्या जागेत जागाही वाचते. कल्पना चांगली आहे, फसते ती सीलच्या दर्जात.

पाना_बारा_तेरा

पेडल हलकं लागतं, मान्य. पण बाहेरचा सिलेंडर दोन बोल्टचा होता. अर्ध्या तासात उतरायचा, पुण्याच्या नाना पेठेत शंभर-दोनशेचं रबर किट मिळायचं. सर्वात लवकर खराब होणारी वस्तू सर्वात अवघड जागी, तीही उष्णता आणि भुकटीच्या मधोमध, बसवायची हे कुठलं शहाणपण? कारखान्याच्या लाइनवर गिअरबॉक्स जोडायच्या आधी हा भाग उघडाच असतो, म्हणून तिथे तो सोपा. गॅरेजमध्ये माणूस उलट बाजूने येतो. बंपर काढल्याशिवाय हेडलाइटचा बल्ब बदलता न येणं, इंजिनच्या पाठीमागे प्लास्टिकचं थर्मोस्टॅट हाउसिंग, हे त्याच डोक्यातून आलेलं.

असेंब्ली_लाइन

बल्बच्या बाबतीत हात जोडले.

चौथा_गिअर

वाटीतल्या पाण्याची परीक्षा केली. थेंब विरघळला, म्हणजे सिलेंडरच. सगळ्यांचे आभार. हो, मागच्या वेळी सिलेंडर जुनाच ठेवला होता. आता हवा काढण्याबद्दल विचारतो. गॅरेजमधला मुलगा म्हणतो पेडल जोरजोरात वीस-पंचवीस वेळा मारलं की हवा आपोआप निघते. बरोबर आहे का?

बेलहाउसिंग

अजिबात नाही. नळीत हवा असताना पेडल धाडकन मारलं की पिस्टन झटक्याने पुढे जातो, नवं सील तिथेच कापलं जाऊ शकतं. मग पुन्हा गिअरबॉक्स.

ऑइल सीलबंद डब्यातलं, डबीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच. बहुतेक गाड्यांत डॉट ४ असतं. त्याचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश आणि पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस. उघडा राहिलेला डबा म्हणून वापरू नये.

आधी गुरुत्वाकर्षणाने: डबी भरा, खालचा निपल (हवा काढायचं तोंड) उघडा आणि थेंब सुरू होईपर्यंत पेडलला हात लावू नका. निपलऐवजी प्लास्टिकचा जोड असेल तर क्लिप उचलून नळी पहिल्या खाचेपर्यंतच ओढायची, पूर्ण नाही. मग एकाने पेडल हाताने, सावकाश खाली न्यायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, आणि बंद झाल्यावरच पेडल वर सोडायचं. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर ब्रेकमध्येही हवा जाते. प्रेशर ब्लीडर असेल तर एक ते दीड बारच्या वर नको.

तरी पेडल पोकळ राहिलं तर उलट्या दिशेने करा: मोठ्या सिरिंजने खालच्या निपलमधून ऑइल हळूहळू वर ढकला. बुडबुडा मुळात वर चढतो, तो या दिशेने लवकर सुटतो. आधी डबीतलं थोडं ऑइल काढून ठेवा, उतू गेलं तर बॉनेटखालचा रंग निघतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता.

पाना_बारा_तेरा

एक राहिलं. इंजिन चालू करून क्लच दाबा, पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाका. आवाज न होता पडला पाहिजे. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी पहिल्याच दाबात पेडल कुठे पकडतं ते बघा, आणि मगच पैसे द्या. जुना सिलेंडर मागून घ्या, बदलला की नाही ते कळतं.