मदत हवी आहे : लेकीला मुंबईच्या हार्ड रॉक कॅफेत न्यायचं आहे

नमस्कार मंडळी. आम्ही धामणगावजवळच्या खेड्यातले कास्तकार. माझ्या लेकीनं मोबाइलवर पाहून पाहून गिटार शिकली. गावच्या भजनात मी खंजिरी वाजवतो अन् ती गिटारवर साथ देते, लय गोड लागते. बारावी झाली की तुला हार्ड रॉक कॅफेत, म्हणजे त्या रॉक संगीतवाल्या हॉटेलात नेईन, असा शब्द दिला होता. आता सोयाबीनचे पैसे आले, विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं ठरलं.

तिनंच सांगितलं, की यातलं पहिलं हॉटेल दोन अमेरिकन माणसांनी १९७१ मध्ये लंडनला काढलं. एरिक क्लॅप्टन या नामी रॉक गिटारवाल्याची गिटार तिथं भिंतीवर लागली, ते पाहून पीट टाउनशेंड या दुसऱ्या गिटारवाल्यानंही आपली पाठवली. तिथून अशा वस्तू लावायची रीतच पडली. तिला जेवणापेक्षा त्या भिंतीच पाहायच्या आहेत.

सोबत माझी माय आहे, माळकरी. तिला चालेल असं शुद्ध शाकाहारी काही मिळते का? आवाज लय मोठा असते म्हणतात, मग दुपारी गेलेलं बरं का? तिथं दारूही मिळते, तर सतरा वर्षांच्या पोरीला आत घेतात ना? चौघांना साधारण किती खर्च येईल? सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो हे वाचलं आहे, पण बिलात लावलाच तर काढायला कसं सांगायचं?

अन् टेबलावर बसल्यावर, मधात उठून भिंतीवरच्या गिटारी जवळून पाहू देतात का? कोणी जाऊन आलं असेल तर नक्की सांगा जी.