बादलीतल्या एअरोपोनिक संचात गुलाबाच्या छाटकलमांचे बुंधे काळे पडत आहेत

पालवी (प्रश्न)

छाटकलमांना मुळे फुटावीत म्हणून मी घरीच एक एअरोपोनिक संच (मातीऐवजी हवेत टांगलेल्या काड्यांवर पाणी फवारणारा) तयार केला आहे. २० लिटरच्या झाकणाच्या बादलीत सुमारे ८ लिटर पाणी, तळाशी १८ वॅटचा पाण्यात बुडणारा पंप, त्यावर पीव्हीसी नळीचा चौकोन आणि त्यात वर तोंड केलेले ८ फवारे अशी त्याची रचना आहे. झाकणाला १२ भोके पाडून त्यांत मऊ फोमच्या चकत्या बसवल्या आहेत आणि त्या चकत्यांमध्ये काड्या अशा अडकवल्या आहेत की त्यांची खालची टोके पाण्याला न टेकता फवाऱ्यात राहतील. पंप अहोरात्र चालू असतो. पाण्यात द्रवखताची अर्धी मात्रा घातली आहे, आणि प्रत्येक काडी लावण्यापूर्वी तिचे टोक मुळे फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाच्या भुकटीत बुडवले होते.

कोलियस आणि पुदिना यांना आठवड्याभरात पांढरीशुभ्र मुळे आली. गुलाब आणि बोगनवेल यांच्या काड्या मात्र आठव्या-नवव्या दिवसापासून खालून काळ्या पडू लागल्या असून बोटाने दाबल्यास साल सुटून येते. फवाऱ्यांपैकी दोन बंद पडले आहेत. संजीवक कमी पडले असावे, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का?

सावली

संजीवकाकडे नंतर पाहू. आधी थर्मामीटर घेऊन पाण्याचे तापमान मोजावे. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज घेतो, तिचा जवळजवळ सगळा भाग शेवटी त्याच पाण्यात उष्णतेच्या रूपाने उरतो. ८ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ३३,५०० ज्यूल लागतात आणि १८ वॅटचा पंप तेवढी उष्णता साधारण अर्ध्या तासात देतो. बादलीच्या भिंतींतून काही उष्णता बाहेर जाते हे खरे, पण पंप क्षणभरही थांबत नसेल तर पाणी खोलीपेक्षा बरेच गरम राहणारच. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना तो ७.५ मिलिग्रॅमवर येतो. आपल्या काड्या बहुधा गुदमरत आहेत.

उपाय सोपा आहे. १ मिनिट चालू आणि ४ मिनिटे बंद अशा आवर्तनाचा टायमर लावावा, म्हणजे पाण्यात जाणारी उष्णता एकदम पाचव्या हिश्श्यावर येईल. चार मिनिटांत टोके सुकतील ही भीती बाळगू नये, कारण बंद बादलीतली हवा बाष्पाने भरलेली असते आणि काडीवरची पाण्याची पातळ साय तशीच टिकून राहते. खटक्यांच्या साध्या टायमरमध्ये बहुतेक वेळा १५ मिनिटांपेक्षा लहान टप्पा मिळत नाही. तसाच टायमर हाताशी असेल तर १५ मिनिटे चालू, १५ मिनिटे बंद ठेवूनही उष्णता निम्मी होते.

मूळधन

सावली यांचा उपाय योग्य आहे, पण कारणाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. फवाऱ्याचा प्रत्येक थेंब हवेतूनच जात असल्यामुळे अशा संचातले पाणी ऑक्सिजनने जवळजवळ संपृक्तच असते आणि काडीला तर थेट हवाही मिळते, त्यामुळे ती गुदमरण्याचा संभव कमी. गरम पाण्याचा खरा धोका कुजव्या रोगजंतूंचा आहे. पिथियमसारख्या जंतूंचे चलबीजाणू पाण्यात पोहतात, आणि इथे तेच पाणी सर्व काड्यांवर पुन्हा पुन्हा उडत असल्यामुळे एक काडी कुजली की बाकीच्या अकरा जणींनाही प्रसाद मिळतो. पुदिना यातून सुटला, कारण कूज वाढण्याच्या आत त्याला मुळे फुटली. गुलाबाच्या अर्धपक्व (ना कोवळ्या, ना जून) काडीला तीन-चार आठवडे लागू शकतात आणि तेवढा काळ ती जखम उघडी ठेवून तिथे टांगलेली असते.

म्हणून द्रवखत ताबडतोब काढून टाकावे. मुळे नसलेली काडी स्वतःच्या साठ्यावर जगते. तिला खताचा फारसा उपयोग नसतो, शेवाळाला मात्र तो पुरेपूर होतो. मुळे दिसू लागल्यावर पाव मात्रा द्यावी. बादलीतून उजेड आरपार येत असेल तर बाहेरून काळा कागद गुंडाळावा.

भुकटीबद्दल सांगायचे तर तिच्यातले संजीवक शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळलेले असते आणि फवारा सुरू होताच पहिल्या काही मिनिटांत ती पुडी धुऊन जाते. आपले दोन फवारे तिनेच बुजवले असावेत. म्हणजे संजीवक कमी पडल्याचा आपला अंदाज एका अर्थाने बरोबर आहे, फक्त ते काडीऐवजी फवाऱ्याला लागले! अर्धपक्व काड्यांसाठी १,००० ते ३,००० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) आयबीएच्या, म्हणजे ऑक्सिन गटातल्या संजीवकाच्या, द्रावणात टोक पाच सेकंद बुडवून, दहा मिनिटे सुकू देऊन मगच काडी लावावी. आयबीए साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, त्यासाठी अल्कोहोल लागते किंवा त्याचे पोटॅशियम क्षाररूप घ्यावे लागते.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १९२८ मध्ये ऑक्सिन या वनस्पती-संजीवकाचे अस्तित्व प्रयोगाने दाखवणारे फ्रिट्स वेंट यांनीच पुढे १९५७ मध्ये ‘एअरोपोनिक्स’ हा शब्द वापरात आणला. आपल्या बादलीतल्या दोन्ही गोष्टींचा धागा असा एकाच माणसापर्यंत जातो.

पालवी

दोघांचेही आभार. खोलीचे तापमान २६ अंश असताना बादलीतले पाणी ३२ अंश भरले. सगळ्या काळ्या काड्या टाकून दिल्या, बादली, नळ्या आणि फवारे विरंजक द्रावणाने धुऊन स्वच्छ पाण्यात अनेकदा खंगाळले आणि टायमर जोडला. आता पाणी २७ अंशांवर आहे. एक शंका उरते: नव्या काड्यांची पाने दुपारी माना टाकतात. फवारा पुरेसा नाही का?

सावली

फवारा खाली आहे आणि पाण्याची हानी वर पानांतून होते आहे. मुळे नसताना कापलेल्या टोकातून फारच थोडे पाणी वर चढते. प्रत्येक काडीवर दोन-तीनच पाने ठेवून मोठी पाने निम्मी कापावीत, वर पारदर्शक झाकण उपडे ठेवावे आणि थेट ऊन टाळावे. पंपाची तार बादलीतून निघाल्यावर आधी खाली झोळ घेऊन मगच प्लगकडे वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही. हे आपण विचारले नव्हते, पण पाणी आणि वीज शेजारी आहेत म्हणून लिहिले.

मूळधन

मुळे २ ते ३ सेंटिमीटर झाली की काड्या कुंडीत हलवाव्यात. लांब मुळांचा झुबका पाहायला सुंदर दिसतो, पण अशी मुळे ठिसूळ असतात, भोकातून काढताना तुटतात आणि मातीत रुळायलाही वेळ घेतात. कोकोपीट आणि परलाइटच्या भुसभुशीत मिश्रणात लावून पहिला आठवडाभर झाकण तसेच ठेवावे आणि मग रोज थोडे थोडे उघडत जावे.

पालवी

आज चोविसावा दिवस. गुलाबाच्या सहापैकी चार काड्यांना मुळे आली, त्यांतल्या दोन कुंडीत गेल्या. बोगनवेलीच्या बुंध्यावर फक्त पांढरट कॅलसची (जखम भरून काढणाऱ्या पेशींची) गाठ आहे, पण ती टणक असून कुठेही काळी पडलेली नाही, त्यामुळे तिला आणखी तीन आठवडे देत आहे.