मदत हवी आहे: ड्रायव्हरच्या चांगल्या कामाचा भत्ता कशावर ठरवावा?

आमच्या चार गाड्या आहेत. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून कसारा घाटातून न्हावाशेवा बंदरात जातात. ड्रायव्हर जुने, निर्व्यसनी, माल जपणारे आहेत. त्यांच्या कामाची कदर पगाराशिवायही व्हावी, अशी मनापासून इच्छा आहे.

आधी डिझेल बचतीवर बक्षीस ठेवलं. त्यातून घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडणं सुरू झालं. भरलेली गाडी फक्त ब्रेकवर उतरवली की ब्रेकचे लायनर (चाकाला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या) तापतात आणि ऐनवेळी ब्रेक धरत नाहीत. ते बक्षीस लगेच बंद केलं. वेळेवर पोहोचण्याचा भत्ताही नको, त्याने झोप मोडून गाडी हाणली जाते. जीपीएसवर वेग आणि थांबे दिसतात, गिअर दिसत नाही. कॅमेऱ्याला ड्रायव्हरांचा विरोध आहे आणि तो मला पटतो, कारण केबिन हेच त्यांचं घर असतं.

गिऱ्हाइकाचा शेरा घ्यावा तर तोही एकतर्फी. गेटवर रात्रभर ताटकळत ठेवायचं, अरेतुरे करायचं आणि वर ‘ड्रायव्हर उर्मट आहे’ म्हणायचं! हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबून राहिल्याचे पैसे मी ड्रायव्हरला पूर्ण देतो, तेवढ्याने हा प्रश्न सुटत नाही.

पगार कापायचा नाही, दंड लावायचा नाही. लायनर-टायरची झीज, मालाची तूट, पोहोच पावती नीट आणणं, यांवर तिमाही भत्ता कुणी देतं का? गाडी आणि रस्ता बदलला तर झिजेचा हिशेब कसा धरता? आणि वागणुकीची नोंद नेमकी कुणी करायची?