अमेरिकेतल्या मिनेसोटात हरणाची शिकार: थंडीसाठी काय घेऊ?

प्रश्न: नोव्हेंबरात ऑफिसातल्यांसोबत चाललोय, ट्री स्टँडवर (झाडावर बांधलेल्या मचाणावर) तासनतास न हलता बसायचंय, तापमान उणे 10 पर्यंत जाऊ शकतं. जाड जॅकेट आहे, बाकी काय बघू?

उत्तर १: आतून कॉटन अजिबात नको, घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि बसल्यावर अंग गारठतं. मेरिनो लोकरीचं घ्या, आणि जॅकेट बॅगेला बांधून चालत जा, पोचल्यावरच घाला.

उत्तर २: बूट थोडे सैलच हवेत दादा, मोज्यांवर मोजे कोंबले तर रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. टोपी आणि वरचे कपडे भडक केशरी किंवा गुलाबी, तिथे कायदाच आहे.

उत्तर ३: बंदुकीला जास्त तेल नको, थंडीत घट्ट होतं. सेफ्टी हार्नेस (झाडावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) मात्र हवाच, जाड कपड्यांवर बसतो का ते घरीच बघा.