वेडिंग (पाण्यात उतरून चालण्याच्या) बुटांना सोल कोणता: फेल्ट, रबर की खिळे?

डेलावेअरकर
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आठवडाभर अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ट्राउट मासे पकडायला जायचं ठरलंय. मुख्यतः मॅडिसन आणि गिबन या नद्या, जमलं तर फायरहोल. एरवी माझी नदी म्हणजे न्यू यॉर्कमधली डेलावेअरची वेस्ट ब्रँच. सध्याच्या बुटांचे सोल फेल्टचे (दाबून केलेल्या जाड धाग्यांच्या कापडाचे) आहेत, शेवाळलेल्या गोट्यांवर पकड झकास. पण यलोस्टोनमध्ये फेल्ट चालत नाही, तेव्हा दुसरे घेणं आलंच. नुसतं रबर पुरेल की खिळे हवेतच? कंपनीचेच खिळे घ्यावेत की हार्डवेअरच्या दुकानातले स्क्रू चालतील? आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवाले बूट कसे? वजन ८० किलो, वेडर्स (पाणी आत न येणारी विजार) निओप्रिनच्या, म्हणजे फोमसारख्या रबराच्या, मोज्यांचे.

काठावरचा
नुसतं रबर नको. दुकानात बोटाने दाबून ‘चिकट’ वाटणारं रबर ओल्या, स्वच्छ खडकावर खरंच धरतं. गोट्यांवर असते ती मात्र डायटमची, म्हणजे सूक्ष्म शेवाळाची, बुळबुळीत साय. रबर त्या सायीवरच राहतं आणि तिच्यासकट सरकतं. फेल्टचे धागे ती साय दाबून खडकापर्यंत पोचतात, खिळा ती फोडून पोचतो. त्यामुळे फेल्ट बाद झालं की रबर अधिक कार्बाइडचे (पोलादाहून कठीण) खिळे, हाच सरळ मार्ग.

खिळ्यांची खोडही सांगून ठेवतो. कोरड्या, गुळगुळीत कातळावर ते बर्फावरच्या स्केटसारखे सरकतात. वर चढताना टाच आधी टेकवू नका, पूर्ण पाऊल एकदम ठेवा. आणि उथळ, संथ पाण्यात खिळ्यांचा करकर आवाज माशांना कळतो. तिथे काठावरूनच गळ टाका.

स्क्रूवाला
हार्डवेअरचे स्क्रू चालतात, पण लांबी चुकली की बूट गेला. ८ नंबरचे, षट्कोनी डोक्याचे, वॉशर जोडलेले पत्र्याचे स्क्रू घ्या, लांबी ३/८ इंच. अर्ध्या इंचाचे घ्यायचा मोह टाळा, टोक आतल्या सोलमध्ये घुसून तळपायाला टोचतं किंवा वेडर्सच्या मोज्याला भोक पाडतं. आधी रबराच्या गुट्टीची (सोलखालच्या उंचवट्याची) आणि खालच्या थराची एकत्र जाडी मोजा. ती १० मिलिमीटरच्या आत असेल तर स्क्रू लावूच नका.

एका बुटाला १३ ते १६ पुरे. जाड गुट्ट्यांतच बसवा, कडेकडेने. अंगठ्याच्या आतल्या बाजूला ४-५, बाहेरच्या कडेला तेवढेच, टाचेच्या मागच्या कमानीत ५-६. चवड्याच्या मधोमध नको. तिथे पूर्ण वजन येतं आणि दिवसाअखेर प्रत्येक स्क्रू मोजता येतो. ड्रिलला पाव इंचाचा सॉकेट लावा आणि गती अगदी कमी ठेवा. वॉशर रबराला टेकला की लगेच थांबा. अर्धा फेरा जास्त झाला की रबरातले आटे कापले जातात, स्क्रू जागच्या जागी फिरू लागतो आणि पहिल्याच दिवशी नदीत पडतो. असा फिरलेला स्क्रू काढा, भोकात वेडर्स दुरुस्तीच्या गोंदाचा थेंब सोडा, परत बसवा आणि रात्रभर राहू द्या.

साधं पोलाद मऊ. डोक्याच्या कडा गोल झाल्या की पकड संपली. कार्बाइडचे महाग, पण बरेच जास्त टिकतात. आठवडाभराच्या सहलीला मात्र साधेच बास.

काठावरचा
ॲल्युमिनियमबद्दल: धातू मऊ असल्यामुळे खडकाच्या खरबरीत पृष्ठात रुततो, म्हणून मोठ्या बुळबुळीत धोंड्यांवर त्याच्याइतकं काही धरत नाही. पण बूट जड, पट्ट्या झिजतात, आणि ड्रिफ्ट बोट (प्रवाहाबरोबर जाणारी मासेमारीची होडी) चालवणारा गाइड कदाचित आत पाऊल टाकू देणार नाही. खिळ्यांनाही तो नाक मुरडेल, आधी विचारून घ्या. तुमच्यासारख्या चालत उतरणाऱ्याला खिळे बरे.

आणि माप: निओप्रिनचा मोजा घालून, संध्याकाळी पाय जरा सुजलेले असताना बघा. बहुधा रोजच्या बुटापेक्षा एक नंबर मोठा लागतो. बोटं घट्ट बसली तर रक्त फिरत नाही, आणि थंड पाण्यात पाय बधिर झाला की खालचा दगड कळतच नाही.

डेलावेअरकर
स्क्रूच लावतो. मग जुने फेल्ट वेस्ट ब्रँचपुरते ठेवू का?

शेवाळशत्रू
ठेवा, पण ते दुसऱ्या नदीत न्यायचे नाहीत. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो शेवाळ सापडलं आणि २००८ पासून तिथे फेल्ट बंद झालं. यलोस्टोनची बंदी २०१८ पासूनची. कारण एकच, धाग्यांत अडकलेला ओलावा कित्येक दिवस जात नाही, आणि त्यात असले जीव तग धरून दुसऱ्या नदीत पोचतात. न्यूझीलंडच्या चिखली गोगलगाईचं पिल्लू वाळूच्या कणाएवढं असतं आणि एकट्या मादीपासून नवी वसाहत उभी राहते. रबर बूट म्हणजे निर्जंतुक बूट असंही नाही. नाडीचे फासे, जिभेची घडी आणि इनसोलखालची जागा ब्रशने घासा, चिखल त्याच नदीवर सोडा, आणि विमानात बसण्याआधी बूट रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. ब्लीचवर विसंबू नका, गोगलगाय झाकण मिटून बसते.

तीर्थनकाठी
कुणी तिकडचे बूट घेऊन हिमाचलात तीर्थन नदीवर येणार असेल तर हेच सगळं लागू. इथे फेल्टची आणखी एक अडचण: नदीपर्यंतची वाट चिखल आणि ओल्या गवताच्या उतारावरून जाते, आणि त्यावर फेल्ट साबणासारखं सटकतं. गुट्टीचं रबर आणि कडेला दहा-बारा खिळे एवढं पुरतं. काठी मात्र हवीच, वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारनंतर चढतं.